स्टिअरिंगवर कुणाचा हात

लातूर
८ डिसेंबर २०२४

चि. आनंदराज यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

बाबा सुखरूप पोचले, लोह्याला घरी आहेत. फोनवर तू नुसतं हां हां करून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला.

मेलबर्न कसं होतं विचारलं तर म्हणाले, रस्ते लई चांगले. एवढंच. ट्राम नाही, समुद्र नाही, तू भाड्यानं घेतलेली गाडीही नाही. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस परक्या शहरातल्या रहदारीवर दोन वाक्यं बोलत नाही, तेव्हाच मला कसंतरी वाटलं.

काल लोह्याला जाऊन त्यांची बॅग आवरताना इंग्रजी कागद सापडला, गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा. त्यात लिहिलंय की चालत्या गाडीत शेजारी बसलेल्या वडिलांनी अचानक स्टिअरिंग ओढलं, म्हणून सायकलवरची बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. खाली बाबांची मराठी सही.

आनंदा, हे खरं आहे का? मी त्यांना अजून विचारलेलं नाही. खरं असेल तर त्यांना डॉक्टरकडं नेते. खोटं असेल तर काय करायचं, ते मला सुचत नाही.

उत्तर लिही, फोन करू नकोस. माया आहे म्हणूनच विचारते.

तुझी ताई,
धम्मप्रिया


मेलबर्न
१९ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

कागद खोटा आहे.

इथं येऊन मला चारच महिने झालेत. बाबांना शहर दाखवायचं म्हणून एका दिवसासाठी गाडी घेतली. इथल्या काही चौकांत उजवीकडं वळायचं तर आधी डावीकडं सरकून थांबावं लागतं, कारण मधून ट्राम जाते. मला ते नीट माहीत नव्हतं. मागून हॉर्न वाजत होते. बाबा हळूच म्हणाले, डाव्या अंगाला सायकल हाय, थांब. मी त्यांच्यावर ओरडलो, हा तुमचा कंधार डेपो नाही, गप बसा. आणि गाडी तशीच डावीकडं घातली.

नव्या नोकरीत कंपनीची गाडी चालवावी लागते. लायसन्सवर ठपका आला की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला. बाबा तर आठवड्यानं परतणारच होते, त्यांचं इथं काय बिघडणार होतं? गाडी परत केल्याचा कागद आहे असं सांगून मी त्यांची सही घेतली.

त्यांना इंग्रजी येत नाही, काही कळलेलं नाही. तू सांगू नकोस. आई असती तर तिनं मला समजून घेतलं असतं.

रागाव, पण नातं तोडू नकोस.

तुझा,
आनंदराज


लोहा
६ जानेवारी २०२५

चि. आनंदराज यास,
जयभीम.

धम्मप्रियानं मला काही सांगितलं न्हाई. तुझं पत्र आलं तवापासून ती माझ्याशी नजर चुकवून बोलून राहिली, एवढंच.

मला तिथंच समजलं होतं. काउंटरवरच्या माणसाला तू फादर म्हणालास, माझ्याकडं बोट केलंस आणि हातानं चाक ओढून दाखवलंस. त्याला इंग्रजी कशाला लागतंय? पेन हातात घेतला तवा मी तुझ्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी म्हणशील, थांबा बाबा. तू घड्याळ बघत होतास. म्हणून सही केली.

नोकरी कर. मी कुठं काही कळवणार न्हाई. त्या बाईला एकदा भेटून ये. हाताला प्लास्टर घालून ती घरात काय काय करत असंल, ते बघ. माफी मागायची तर तुझ्या नावानं माग, माझ्या न्हाई.

सुरक्षा सप्ताहात नव्या ड्रायव्हरांपुढं बोलायला डेपोतून दरवर्षी बोलावणं येतंय. एकतीस वर्षांत एक अपघात न्हाई, म्हणून. परवा मी येत न्हाई म्हणून कळवलं. साहेबांनी कारण विचारलं. म्हणालो, माझ्या हातून एक बाई जखमी झाली, सही करून कबूल केलंय.

शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची रीत हाय, ती आज सोडतो. तब्येत सांभाळ.

नरसिंग सोनकांबळे