धोंड्याचं आवतण

२० मे, बुधवार
मार्केटात झेंडूचे क्रेट उतरवत होतो, पिंपळगावहून सासूचा फोन. "जावई, अधिक लागलाय. रविवारी धोंड्याला या. नाय म्हनू नका."
पूजाला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी मी जावईच. म्हटलं, "मामी, धोंड्याला जोडीनं बसवतात ना?"
"मला शिकवू नका."
हो म्हणून टाकलं. रुपालीला भेटायला लागलोय, ते सांगायचं होतं, राहिलं.

२१ मे
रु.बरोबर मिसळ. चौथी भेट. वेटरला हळूच थाप मारली, मॅडमचा वाढदिवस आहे. अख्खं हॉटेल टाळ्या. ती शांत. हात धुवायला गेली नि त्यालाच सांगून आली, साहेबांना ऐकू येत नाही. मग तो माझ्या कानात बोंबलतोय, "पाव आणू का, पाव?"
लय हसलो. आणि मधेच वाटलं, घरी गेल्यावर हे पूजाला सांगू. झालं. हातातला पाव खाली ठेवला.
रु.ला कळलं. "आली का ती? बसू दे." मग म्हणाली, "पण तुझ्या सासूला माझं कधी सांगणार? मी लपून फिरणार नाही."
बरोबर आहे तिचं. पण सांगितलं की ते घर तुटलं तर? पूजाचं नाव घेऊन बोलायला मला तेवढं एकच घर. आमच्याकडे तिचं नाव निघालं की सगळ्यांना कामं आठवतात.

२४ मे, रविवार
पिंपळगाव. सासूनं सवयीनं दोन पाट मांडले. मग बघतच राहिली. मी दुसऱ्यावर मोबाईल ठेवला. "ह्याला पण वाढा, दिवसभर माझ्याबरोबरच असतो." हसली. मग पदर डोळ्याला.
मागचा अधिक, आमचा पहिला. मेहुण्यासाठी एका धोंड्यात मी पुरणाऐवजी मिरची भरलेली. गेला पू.च्या ताटात. पठ्ठीनं अख्खा खाल्ला. डोळ्यांतून पाणी, तोंड सरळ. भावाला म्हणते, "मस्त झालेत, घे ना." अशी बायको परत कुठं...
आज सांगणारच होतो. वाण हातात देताना सासूच बोलली, "पुढचा अधिक तीन वर्सांनी. तवर तुमी कुनाचे जावई असाल, काय माहीत."
"तुमचाच," म्हटलं. खोटं नाही ते. पण पळालोच.

२५ मे
धोंड्यांचा डबा घेऊन रु.कडे. कालचं सगळं सांगितलं. वाटलं चिडेल. तिनं एक धोंडा खाल्ला, बोटं चाटली, दुसरा घेतला. "त्यांना सांग, पुरण एक नंबर."
तिच्यासमोरच फोन लावला.
"मामी, पुरण एक नंबर झालं होतं."
"एकट्यानंच संपवले?"
"नाही. दोघांनी."
तिकडं कुकरची शिट्टी. मग अजून एक. कोण, ते विचारलं नाही तिनं. फोनही ठेवला नाही. मी पण नाही.