भर उन्हातली डुलकी

अहो,

आज अकोल्याले जाताना, मूर्तिजापूरजवळ आपली गाडी ट्रकसमोर गेली, तवा मी तुमच्याकडं पाह्यलं. तुमी चक्क घोरून राहिले होते! स्टेअरिंग मी ओढलं. मागं आपली नात रेवा होती. तुमी म्हणाले, "डुलकी लागली, बस."

डुलकी नाही जी. रात्री झोपेत तुमचा श्वास थांबते, म्हणून दिवसा डोया लागते, हे डॉक्टरनं सांगतलं होतं. श्वासाची मशीन आणून चार महिने झाले. लोक हासतीन म्हणून तुमी खोकं फोडलं नाही, अन् तुमच्या रागाले भिऊन मी गप राहिली.

आताही सोफ्यावर तुमचा श्वास अडकून राहिला. हे पत्र इथंच थांबवते. खोकं मीच फोडते अन् तुमाले उठवते.

तुमचीच,
पुष्पलता