चर कुठून न्यायचा

१२ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

माती तपासायला खाऱ्या शेंगदाण्यांच्या पिशवीतून पाठवणारा तू आमच्या प्रयोगशाळेतला पहिला शेतकरी. साहेब एवढे हसले की चष्मा पडला. आडनावावरून भाऊ कुणाचा तेही कळलं. दुसऱ्या वेळची धुतलेली पिशवी पोचली, उपकार झाले.

पण निकाल वाईट आहे. जमिनीत क्षार भरमसाट साठलेत. म्हणे भरपूर पाणी देऊन मीठ धुतो! अरे, पाण्याला बाहेर वाट नको? ते खाली तुंबतं, उन्हानं वर चढतं, स्वतः उडून जातं आणि मीठ तुझ्या बोडक्यावर ठेवतं. आधी ओढ्यापर्यंत खोल चर खण, मग धू. यंदा खणला नाहीस तर वरचं शेत गेलंच म्हणून समज.

लोभ करायचा तर कर, पण चर खण.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

चि. शहाणीस,

अनेक आशीर्वाद, आणि भेटलीस की एक धपाटा.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचलं, बोडक्याचं दोनदा. पेरलेल्यातलं निम्मंही उगवलं नाही. पांढरे डाग असे पडलेत की लांबून धुणं वाळत घातल्यासारखं दिसतं. यंदाही असंच गेलं तर रखवालदाराची नोकरी धरीन. शिट्टी चांगली वाजवतो मी.

चर खणला असता गं, पण कंबर धरली आहे. जेसीबीवाल्याच्या मेहुणीचं लग्नही निघालंय. तोवर खतवाल्या दुकानदारानं एक पावडर दिली आहे. ती टाकली की मीठ पळून जातं म्हणे. कुठे पळतं ते त्यालाही ठाऊक नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा दादा

९ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

तुमचे यजमान पावडर टाकून मीठ पळवणार आहेत. मिठाला पाय नसतात, ते पाण्याबरोबर वाहूनच न्यावं लागतं, हे त्यांना सांगा. गावाहून आलेल्या एकानं त्यांना परवा झाडावर पाहिलं; कंबर धरलेला माणूस तिथे कसा चढला, तेही विचारा. शेत डोळ्यांदेखत चाललंय आणि याची टंगळमंगळ! मला खरं कारण कळवा. काळजीनं जीव टांगणीला लागलाय.

तुमची नणंद

१६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

कंबर ठणठणीत आहे. ती मेहुणी दोन लेकरांची आई आहे, तिचं कसलं आता लग्न! मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण ओढ्याकडे उतार फक्त तुमच्या वाटणीला आलेल्या खालच्या तुकड्यातून आहे. नोकरी संपल्यावर घर बांधायचं म्हणून तुम्ही जागा आखून ठेवलीत ना, चर तिच्या बरोबर मधून जाणार.

मी म्हटलं, विचारून तर बघा. तर म्हणाले, विचारलं तर ती हो म्हणेल, म्हणूनच विचारत नाही.

तुमचा दादा वेडा आहे. तुम्हीच काय ते करा.

वहिनी

२१ फेब्रुवारी

ती. दादास,

या खेपेला नमस्कार नाही.

काल सहज नकाशा पाहिला आणि उतार माझ्या तुकड्यातून आहे हे लक्षात आलं. कुणी सांगितलं नाही, वहिनीनं तर मुळीच नाही.

माझ्या दोन खोल्यांसाठी अख्खं शेत घालवायला निघालास? रखवालदारी करणार? ऑफिसात साहेबांसमोर रडले मी, मूर्खा. संमतीचा कागद सही करून सोबत जोडला आहे. सोमवारी जेसीबी बोलाव.

घर मी तुझ्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात बांधीन, जन्मभर उरावर बसेन. पण तीन हंगाम माती धुऊन झाल्यावरच. खाऱ्या जमिनीत भिंतींना पोपडे धरतात.

चराच्या तोंडाशी येणारं पहिलं पाणी बाटलीत भरून पाठव. खारट निघालं तर मीठ सुटायला लागलं म्हणून समज.

धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ.

बाटली पाठवली आहे. तुझं यंत्र काय सांगायचं ते सांगेल, मी चाखून पाहिलं. इतकं घाण, इतकं खारट पाणी जन्मात प्यालो नव्हतो. तुझी वहिनी नको नको म्हणत होती, तरी आणखी एक घोट घेतला.

दादा