जुन्या साबणावर नवा साबण

अक्का, त्या सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी साडेसहाला वॉर्डात आले. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, कोपरापर्यंत हात धुतले, वॉर्डातला गाऊन चढवला. कचऱ्याची बादली नेली, वजनकाटा पुसला, रिकाम्या काचेच्या पेट्या आतून-बाहेरून पुसल्या. आत अकरा बाळं होती, सगळ्यांत मोठं दीड किलोचं. मग स्टोअरमधल्या मोठ्या कॅनमधून पाच बेसिनांवरच्या साबणाच्या बाटल्या भरल्या. त्या अर्ध्या होत्या, मी तशाच वरून भरल्या. सुपरवायझर दारातून म्हणतो, "अम्मा, स्वल्प बेगा, जरा लवकर. बाटली रिकामी दिसली तर आधी माझी मान जाते, मग तुमची." मी म्हटलं, "तुझी मान जाड आहे, टिकेल." तो हसला. इतकी साधी सकाळ होती ती.

तुम्ही या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर होतात, आणि तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी पहिल्यांदा आले तेव्हा मालकांना जाऊन चार महिने झाले होते. इथं कन्नड मुलखात, के. आर. पुरमच्या आमच्या गल्लीत बायका माझ्या हातांकडे आधी बघायच्या, तोंडाकडे नंतर. तुम्ही मात्र दारातच सगळ्यांना बांगड्या, अंगठ्या, दोरे काढून ठेवायला लावलेत, अगदी आदल्या महिन्यात लग्न झालेल्या पोरीलासुद्धा. ती रडकुंडीला आली. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझे मोकळेच आहेत का? बरं झालं, वेळ वाचला. इथं सगळ्यांचे हात सारखे." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लागलं असतं. त्या दिवसापासून ही एकच खोली अशी आहे जिथं माझे हात चारचौघींसारखे असतात. म्हणून मी ती कधी सोडली नाही, पाठ धरली तरी.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला साबणाच्या बाटल्या वरून भरताना पकडलंत. घरी तेलाच्या बरणीत तळाला राहिलेल्यावरच नवं तेल ओततात, दह्याला जुनं दही लागतंच. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तुम्ही बाटली बेसिनमध्ये उपडी केलीत. "विरजण लावायला आलीस काय इथं? जुन्यात नवं घातलं की जुनंच वाढतं. आधी ओतून टाक, मग धू, पालथी घालून वाळव, मग भर." तुम्ही होतात तोवर मी तसंच केलं. नंतर जादाच्या बाटल्या फुटल्या, नव्या आल्या नाहीत, वाळवायला वेळ मिळेना. एक दिवस वरून भरली, काही झालं नाही. मग रोजच.

त्या बुधवारी एक बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं. संध्याकाळपर्यंत आणखी दोन तशीच. शुक्रवारी पहिलं गेलं. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसली होती, हातात दुधाची वाटी तशीच. डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "तिघांच्या रक्तात एकच जंतू आहे. म्हणजे तो एकाच जागेवरून येतोय. ती जागा सापडेपर्यंत नवं बाळ आत घेणार नाही." आजारी बाळं वेगळ्या खोलीत हलवली, त्यांची माणसं वेगळी. मला त्या खोलीत दिलं. बेसिनांवरच्या बाटल्या भरण्यापुरतं सोडून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, इतरांबरोबर जेवायचं नाही. चार भिंती, दोन पेट्या आणि मी.

शनिवारी नऊ वाजता नळ, बेसिनं, बाटल्या तपासायला लॅबची माणसं येणार होती. मी सहालाच आले. बाटल्यांतला उरलेला साबण बादलीत काढला, बाटल्या उकळत्या पाण्यानं धुतल्या, कॅनमधून नव्यानं भरल्या. मग बादलीत राहिलेला साबण टाकवेना, म्हणून तो परत कॅनमध्ये ओतला. बाटल्या स्वच्छ निघाल्या. स्टोअरमधल्या कॅनकडे कुणी पाहिलं नाही.

सापडला तो दोरा. निपाणीकडची एक नर्स आहे, वॉर्डात माझ्याशी मराठी बोलणारी तेवढीच. तिच्या बाहीखाली आईनं बांधलेला देवीचा दोरा निघाला आणि दोऱ्यावर तोच जंतू. असणारच, ती पोर दिवसातून पन्नास वेळा त्याच साबणानं हात धुवायची. तिला वॉर्डातून काढून चौकशी होईपर्यंत रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. मी चहा घेऊन गेले, दारातूनच द्यायचा होता. ती म्हणाली, "मावशी, खरं सांगा. माझ्यामुळं गेलं का हो ते बाळ?" मी म्हटलं, "चहा गार होईल." 

मग एकेक दिवस मोजत होते. बाटल्या मी आता तुम्ही सांगितलं तशाच धूत होते, वाळवत होते, आणि भरत होते त्याच कॅनमधून. पुढच्या रविवारी चौथं बाळ गार पडलं. डॉक्टरबाई माझ्याच खोलीत उभ्या राहून स्वतःशी म्हणाल्या, "ती आठ दिवस आत नाही. मग आलं कुठून?" मी स्टोअरमध्ये गेले. कॅनच्या बाजूला कन्नडमध्ये लिहिलं होतं: एकदा काढलेला साबण परत आत ओतू नये. दुकानांच्या पाट्या आणि औषधांची खोकी वाचत मी एकटीच कन्नड शिकले, त्याचा मला फार अभिमान. त्या क्षणी वाटलं, अडाणी राहिले असते तर बरं होतं; कळलं नाही असं तरी म्हणता आलं असतं. सांगावं तर ही खोली गेली. न सांगावं तर पाचवं बाळ. घरी आले, भात तसाच झाकून ठेवला.

अक्का, हे लिहिलेले कागद कुठं पाठवायचे नाहीत. ट्रंकेत साड्यांखाली ठेवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेसिनांवरच्या पाचही बाटल्या काढल्या, कॅन ओढत डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी नेला, आणि सोमवारपासूनचं सगळं क्रमानं सांगितलं, बादलीसकट. त्यांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं काम करताय. बाटल्या अशा भरायच्या नसतात, हे तुम्हाला कधी कुणी शिकवलं नाही?" मी म्हटलं, "नाही, कुणीच नाही." अक्का, तुमचं शिकवणं तेवढं मी लपवलं.