तौनोचा प्रोग्रॅम आणि सॉनाची पाळी

प्रिय रायमो भावोजी,

हा घोटाळा झाला त्या सकाळी मी बुटांना लागून जिन्यात आलेली खडी झाडून काढली, पायपुसणी अंगणातल्या दांडीवर बडवली, राय धान्याची पेज उकळत ठेवली आणि तळघरात जाऊन इमारतीच्या सर्व्हरवरची धूळ पुसली. तुमचा भाऊ तौनो गेल्यापासून त्याचं हेही काम माझ्याकडे आलंय. नमस्कार राहिलाच, तो घ्यावा. कंबर कशी आहे? ओझी उचलू नका म्हटलं तरी तुम्ही उचलणारच. मी बरी आहे, झोप सोडून.

विमा कंपनीने कळवलं, इमारतीच्या सर्व्हरला व्हायरसपासून संरक्षण हवं, नाहीतर विमा नाही. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष हिल्काबाईंनी ते माझ्यावर ढकललं. ("तू पुस्तकं वाचतेस ना, इर्या? मग हेही वाच.") वाचलं. त्या संरक्षणाचा परवाना माणसामागे की यंत्रामागे, इथेच अडकले. आपल्याकडे सॉनात वाफ घ्यायची पाळी, धुण्याची पाळी, सगळं घरटी. म्हणून मी सगळ्या बिऱ्हाडांची नावं भरली, तान्ह्या बाळासकट. संरक्षण विकणाऱ्या कंपनीतली फोनवरची मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "आजी, सर्व्हर एकच ना? मग त्याचा एक वेगळा परवाना. माणसांचे त्याला चालत नाहीत." जोडणीचेही प्रकार होते. पुष्कळ यंत्रं असतील तर सगळी एका जागेवरून जोडायची, एखादंच असेल तर छोटी फाइल हाताने चालवायची. मी हाताने चालवली आणि शहाणी झाल्यासारखी वर आले.

संध्याकाळी सॉना थंडगार. प्रत्येकाच्या पाळीआधी शेगडी पेटवणारा तौनोचा प्रोग्रॅम या नव्या पहारेकऱ्याने अनोळखी म्हणून कोंडून ठेवला होता. हिल्काबाई पंचा गुंडाळून, बादली धरून तळघराच्या बोळात उभ्या, मागे अर्धी इमारत त्याच वेषात. तिथेच त्यांनी सभा सुरू केली. "तौनो भला माणूस होता गं, पण त्याचा प्रोग्रॅम काढून टाक. विकत मिळतात." मी म्हटलं, "आधी कपडे घाला, मग ठराव करा."

पण त्या प्रोग्रॅमची भीती माझ्या मनात बसली ती बसलीच. फोनवरची मुलगी म्हणाली, आत काय आहे ते लिहिणाऱ्यालाच विचारा. मी म्हटलं, "दर रविवारी स्मशानात जाऊन विचारते, बोलत नाही." ती मग म्हणाली, एवढ्या एकालाच मोकळीक देता येईल, पण जबाबदारी तुमची. पडद्यावर दोन बटणं आहेत, मोकळीक द्या किंवा कायमचा काढा. मी दोन्हींकडे बघते आणि वर येते. तौनोने सायकलला कधी कुलूप लावलं नाही, सर्व्हरला काय लावलं असेल? त्या वाटेने चोर शिरला तर सगळ्यांचं नुकसान. आणि काढला, तर त्याच्या हातचं चालतं असं काही उरत नाही.

तुमची वहिनी,
इर्या

ता. क. परवान्याबद्दल विचारायला लिहिलंय असं समजू नका, ते काम झालंय. सोबत त्या प्रोग्रॅमची प्रत आहे. तुम्हाला त्यातलं कळतं, वाचून पाहा. वावगं दिसलं तर हिल्काबाईंना नको, मला सांगा.

आणखी एक. पत्र टाकायचं राहून गेलं. हे लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या एकालाच मोकळीक दिली, शेगडी तापल्यावर हिल्काबाईंना निरोप धाडला, आणि आमच्या दोघांच्या पाळीला एकटी जाऊन बसले.