घारपंखाची म्हातारी कुठे गेली?

प्रिय आकाश,

आज्जीचा पोटभर आशीर्वाद. हातात फोन असताना हिला कागद कशाला लागला, असं म्हणशील. पण फोनवर तू दोन मिनिटं बोलतोस, त्यातलं एक जेवलीस काय यात जातं, आणि तुझी आई आवाज मोठा करून शेजारी बसते. मला हे तुला एकट्याला सांगायचं आहे. सांगून झाल्यावर तुझ्या लग्नात तू माझ्याशी बोलशील की तोंड फिरवशील, याची धाकधूक आहे. पण आधी आनंदाची बातमी. मी तुझा घारपंख बघून आले!

पंधरा दिवसांमागं मी धारवाडला तुझ्या अत्तीकडं, माझ्या लेकीकडं, गेले होते. तिच्या सुरजला बेलूरच्या कारखान्यात सुट्टी होती, तो आणि त्याची बहीण योगिता मला हुबळीला सिनेमाला घेऊन गेले. खुर्ची अशी मऊ की बसलं की माणूस मागं मागं जातं. दिवे गेले, आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर तो पोरगा उंच कड्यावरून निघाला. काय सांगू बाबा! खाली शेतं वाकळेच्या ठिगळांसारखी, एक हिरवं, एक पिवळं, मध्ये नदीचा टाका. ढग तोंडावर येऊन फुटत होते. माझे पाय जमिनीला लागतच नव्हते. गुडघेसुद्धा दुखायचे थांबले. घारपंख आमच्या कन्नडात बोलत होता, तेही किती गोड. ह्या वयात देवानं मला ढगांच्या वरून फिरवून आणलं म्हणायचं.

फक्त एक झालं. मी म्हातारीची वाट बघत बसले. तू लहान असताना घारपंखाचा जुना सिनेमा टीव्हीवर लागला की आपल्या सोप्यात गल्लीतली सगळी पोरं दाटीवाटीनं बसायची, आठवतं? त्यात नदीकाठच्या केरात टाकलेलं बाळ कपडे धुणारी म्हातारी उचलते, ऊन लागू नये म्हणून वर एक घार पंख पसरून उभी राहते, आणि तिथून त्या बाळाला उडायची शक्ती येते. त्या जागी तू दर वेळी रडायचास आणि रडत नाही म्हणायचास. ह्या नव्यात बाळ काचेच्या भांड्यात जन्मतं. बाप मोठा शास्त्रज्ञ, शक्ती रक्तातच. मध्यंतर झालं, लाह्या संपल्या, पडद्यावर नावं चढायला लागली तरी मी उठेना. सुरज म्हणाला, आज्जी, संपला, चल. मी म्हटलं, म्हातारी कुठाय? मागच्या ओळीतली पोरं हसली, पण एक पोरगी म्हणाली, अज्जी, आम्हीही तेच विचारतोय.

मग घरी जेवताना जे भांडण पेटलं! सुरज म्हणे, केरात पडून कुणाला पंख फुटतात काय, काहीतरी कारण पाहिजे की नको, नवीनच बरोबर. योगिता म्हणे, अरे मठ्ठा, जुन्यात कुणीही घारपंख होऊ शकत होतं, आता मोठ्या बापाच्या पोटी जन्मायला पाहिजे, मग आपण कशाला तिकीट काढायचं? सुरज म्हणे, तू काढलंस कुठं, मी काढलं. अत्तीनं दोघांच्या पानात आमटी वाढून तोंडं बंद केली. तेवढ्यात योगिताच्या फोनमधून तुझा आवाज आला, तू बोलून पाठवलेला. योगितानं सांगितलं की जगभरच्या पोरांचा एक गट आहे, त्यात तुम्ही ह्यावरच महिनाभर भांडताय, आणि तिथं तू आपलं नाव तिप्पण्णा ठेवलंयस. ऐकून मला इतका हर्ष झाला! शाळेत त्या नावावरून पोरं चिडवायची तेव्हा तू भांडून यायचास.

पण पुढं तुझं बोलणं ऐकलं आणि घास हातातच राहिला. तू म्हणालास, जिनं उचललं तिलाच पुसून टाकलं, तर मग राहिलं काय? सोयीसाठी जन्माची गोष्ट बदलणारी माणसं चोर आहेत, त्यांना माफी नाही. योगितानं टाळ्या वाजवल्या. मी उठून मोरीत हात धुतले आणि तिथंच उभी राहिले.

तुझ्या जन्माची गोष्ट तुला पाठ आहे. तुझ्याआधीची दोन बाळं राहिली नाहीत, म्हणून तू झालास तेव्हा आपल्याकडच्या रीतीप्रमाणं पाचव्या दिवशी तुला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. बघणाऱ्याची दृष्ट लागू नये, हे टाकलेलं पोर आहे असं यमालाही वाटावं. दुसऱ्या कुणीतरी उचलायचं, दाराशी आणून पोर घेता काय विचारायचं, आणि आपण सूपभर तांदूळ देऊन ते विकत घ्यायचं. कन्नडात उकिरड्याला तिप्पी म्हणतात, म्हणून तू तिप्पण्णा. आणि दुसऱ्या कुणाची वाट न बघता उचललं कुणी, तर आज्जीनं. तू डोळे उघडलेस ते माझं नाक बघून. असं मी तुला शंभर वेळा सांगितलं.

ते मी नव्हते रे.

उचलायचं ठरलं होतं शेजारच्या गंगव्वानं. पण प्रत्येक घराचा उकिरडा वेगळा, आणि ती बाई आपल्याच उकिरड्यापाशी जाऊन उभी राहिली. आम्ही घरच्या बायका रीतीप्रमाणं पाठ फिरवून उभ्या, वळून बघायचं नाही. धुकं असं पडलेलं की गोठासुद्धा दिसत नव्हता. तुझं रडणं ऐकू येत होतं, आणि मग ते थांबलं. मी रीत मोडून वळले. बघते तर धुक्यात एक लाकडाची मोळी आडवी पडलेली, आणि शेणाच्या ढिगाच्या कडेला एक परकी बाई मांडी घालून बसलेली, तुला पदराखाली घेऊन पाजत होती. मागून उजेड येत होता. तिच्या पदरातून वाफ निघत होती. अजूनही मला ती स्वप्नात येते ती तशीच, तोंड न दिसता.

ती फकीरव्वा. अळणावरच्या रानातून मोळी विकायला निघालेली. तिला वाटलं, खरंच कुणीतरी पोर टाकलं. आम्ही दिसल्यावर तिनं कन्नडात अशा काही शिव्या घातल्या, की सोन्यासारखं पोर शेणात टाकता, तुमचे हात कसे झडले नाहीत! मी रीत समजावून सांगितली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुला माझ्या हातात दिलं. पण तांदळाचं सूप पुढं केलं तर मागं सरली. म्हणाली, अव्वा, पोरं विकायची नसतात. मोळी उचलून निघून गेली.

म्हणजे तुझा व्यवहार पुराच झाला नाही. मी घाबरले. ते सूप गंगव्वाच्या पदरात ओतलं आणि गावात सांगितलं की सगळं रीतसर झालं. एवढंच असतं तर बरं. तुझ्या आईला दूध नव्हतं. फकीरव्वा दुसऱ्या दिवशी आपणहून आली, आणि तीन महिने रोज सकाळी येत राहिली. तिचं स्वतःचं बाळ महिन्याभरापूर्वी गेलं होतं. ती मागच्या दारानं यायची, कारण ती कोण, कुठली हे विचारणारी माणसं घरात होती, आणि खरं सांगते, त्यांत मीही होते. तिची पावलं वाजली की तू हातपाय मारायचास. माझ्याकडं बघून तसं कधी केलं नाहीस. एके दिवशी मी तिला दारातूनच सांगितलं, आता आईला दूध येतंय, तू येऊ नकोस. दूध आलं नव्हतं. तुला गाईचं पाजलं. मग तू बोलायला लागलास, कुणी उचललं विचारायला लागलास, आणि माझ्या तोंडातून मीच उचललं असं निघालं. एकदा निघालं ते निघालं.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी मी सुरजला म्हटलं, मला गाडीवर बसव आणि जुन्या हुबळीत ने. पत्ता मला कायम ठाऊक होता. ती हरवलेली नव्हती. लेकीच्या घरी असते, दोघी भाकऱ्या थापून खानावळींना देतात. त्या बोळात दोन्ही बाजूंनी भाकरीचा वास, आणि सकाळचं ऊन वरच्या कौलांतून पट्ट्यापट्ट्यांनी उतरलेलं. तिनं मला लगेच ओळखलं. केस पांढरे झालेत, हात तसेच आहेत. मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते, पण त्याआधी तिनंच विचारलं, तो अजून मूठ काखेत घालून झोपतो काय? मी हो म्हटलं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या पिठाच्या परातीशेजारी बसून हसलो, रडलो, सुरज दारात गाडीची किल्ली फिरवत उभा. पोरा, इतकं हलकं मला त्या सिनेमातल्या ढगांतही वाटलं नव्हतं! लग्नाचं बोलावणं केलं तर म्हणाली, मी कोण म्हणून येऊ? त्याला माझं नाव तरी ठाऊक आहे काय?

गावी येऊन तुझ्या आईला सांगितलं. सविता भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, आत्याबाई, अठ्ठावीस वर्षं मी हे ऐकायची वाट बघते आहे. एवढंच. मग दिवसभर ती गुणगुणत होती.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या लग्नपत्रिका हुबळीत कोप्पीकर रोडवर छापायला दिल्या होत्या, त्या मी थांबवल्या आहेत. वडीलधाऱ्यांच्या नावांत माझ्या वर फकीरव्वाचं नाव घालायचं आहे. छापणारा विचारतो, नातं काय लिहू? मला सांगता आलं नाही, आणि तुझ्या बाबतीत मी पुन्हा काही रचून सांगणार नाही. रविवारी तू येतोयस. आधी घरी येऊ नकोस, हुबळीत उतरून तिच्याकडं जा. बरोबर मी येणार नाही. सुरज तुला गाडीवर नेईल, त्यालाही बोळाच्या तोंडाशीच थांबव. तिच्या तोंडून सगळं ऐक. मी कुठं कमी सांगितलं असेल तर ते तुला कळेल. मग छापणाऱ्याला फोन करून काय लिहायचं ते तू सांग. माझ्यावर राग आला तर येऊ दे, तो मी भाकरीबरोबर खाईन. पण तिच्या दारातून रिकाम्या पोटी निघू नकोस.

तू कसाही बोललास, न बोललास तरी तुझीच,
आज्जी भागीरथी