डोंगरी केळीच्या वीस बिया

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबा दोन घासांवर ताट सारतात हे वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हटलं, ते मी समजू शकतो. पण बाबा स्वतःच थकले असतील तर त्याला औषध कुठलं?

त्यांनी पाठवलेल्या डोंगरी केळीच्या वीस बिया पेरून आज सव्वीस दिवस झाले. अजून एकही वर आलेली नाही. सांगितलं होतं तसं सगळं केलं. टणक काळं कवच कानशीने घासलं, बिया दोन दिवस कोमट पाण्यात भिजवल्या आणि नखभर खोल पेरल्या. इथे बाहेर अजून बर्फ आहे, म्हणून ट्रे रुग्णालयाच्या बॉयलरच्या खोलीत, गरम नळावर ठेवलाय. दिवस असो की रात्र, तापमापकाचा काटा तिसावरून हलू दिला नाही. बावीस वर्षं बॉयलर सांभाळल्यावर एवढं तरी यायला हवं. तुझी भावजय म्हणते, एवढी काळजी माझी घेतली असतीत तर माझे गुडघे दुखले नसते.

रोज कामावर आलो की आधी देवाला हात जोडतो, मग ट्रेवरची काच उचलतो. मागणं काही मागत नाही. नुसतं बघतो.

बाबांना हे सगळं वाचून दाखव. माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ

९ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

हे पत्र बाबांना वाचून दाखवायचं नाही, फक्त तुझ्यासाठी आहे. माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पोस्टमनचा आवाज ऐकून उठून बसले. डोळ्यांना दिसत नसलं तरी पाकीट स्वतःच्या हाताने फोडतात, तुला माहीत आहे. मी वाचत गेले आणि ‘एकही वर आलेली नाही’ तिथे आले, तर त्यांचा चेहरा असा माझ्याकडे लागलेला. तोंडून निघून गेलं की चार उगवल्या.

भाऊ, त्या दुपारी त्यांनी वाटीभर भात संपवला. बागेत माळीकाम करत चाळीस वर्षं काढली, आणि बागेचे साहेब म्हणायचे केळ थंडीत टिकत नाही. आता बर्फाच्या गावात माझी केळ उभी राहणार, असं मला दोनदा सांगितलं. खोड गेलं तरी खाली कंद जिवंत राहतो, फुटतो पुन्हा, हेही सांगितलं. मग विचारलं, पानं कशी आहेत. मी म्हटलं, दोन-दोन, कोवळी, समोरासमोर. तेव्हापासून शांत आहेत. समाधानच असेल.

आता तू पुढच्या पत्रात तसंच लिही. चार ओळींनी तुझं काय जाणार आहे? रागावू नकोस.
तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. तुझ्या जागी मी असतो तर माझ्याही तोंडून तेच गेलं असतं.

लिहायला बसलो होतो. ‘चार उगवल्या’ एवढं लिहिलं आणि पुढे पेन जाईना. लहानपणी बाबांनी मला एकदाच मारलं, ते कुंडीला पाणी न घालता घातलं म्हटल्याबद्दल. मार विसरलो. पण नंतर त्यांनी मला त्या कुंडीपाशी बसवून माती कोरडी आहे की ओली, हे बोटाने ओळखायला शिकवलं, ते विसरलो नाही. ज्यांनी हे शिकवलं त्यांना मी फसवू शकत नाही. आणि खरं सांगायचीही छाती होत नाही, कारण त्या वाटीभर भाताचं काय?

तूच त्यांना बेताने सांग. जमणार नसेल तर कळव, मी रजा काढून येतो.
तुझा भाऊ

२४ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. हात ताईचा, शब्द माझे.

बिया उगवलेल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. केळीचं बी उगवतं तेव्हा सुईसारखं एकच गुंडाळलेलं पान वर येतं. जोडीने दोन पानं आणते ती मिरची. ताई भरतकाम उत्तम करते, पण तिने पानं कापडावर भरली तेवढीच पाहिली आहेत. (हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण बाबा म्हणतात, लिही. — ताई)

तुझं पुढचं पत्र येईपर्यंत तिला हे कळू दिलं नाही. आठ-दहा दिवस पडून एकच विचार केला. मी आता गोड खोटं ऐकण्याच्याच लायकीचा उरलो का? बिया उगवल्या म्हटल्यावर भात गोड लागला, खरं आहे. पण उगवल्या म्हणजे मला सांगण्यासारखं काही उरलंच नाही. नाही उगवल्या, तर माझं काम शिल्लक आहे.

म्हणून ऐक. तुझा काटा हलत नाही, तिथेच चुकतंय. डोंगरावर दिवसा ऊन असतं, रात्री गारठा. सारखी ऊब मिळाली तर बी झोपूनच राहतं. दिवसा नळावर ठेव, रात्री एखाद्या गार खिडकीत. हे तुला आधीच सांगायला हवं होतं, ती चूक माझी. महिने लागतील, वर्षही लागेल. टाकून देऊ नकोस. आणि नसेल उगवलं तर नाही म्हणून लिही. ताई आहे तसं वाचेल, तिने कबूल केलंय. (केलंय. — ताई)
बाबा

५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज साठावा दिवस. काही नाही.

एक बी उकरून पाहिलं. काळं, टणक, पेरलं होतं तसंच. कुजलेलं नाही. दिवसा ट्रे नळावर असतो, संध्याकाळी जिन्यातल्या खिडकीत नेतो. सकाळी काटा बारावर असतो. तुमची सून म्हणते, आता तुमच्यासोबत बियाही दिवसपाळी-रात्रपाळी करायला लागल्या.

दोन गोष्टी अडल्या आहेत. बारा हे फार गार होतं का? आणि माती वरून सुकते, बोट घातलं तर आत ओल लागते. तेव्हा पाणी द्यावं की थांबावं? मला ठरवता येत नाही, आणि इथे विचारावं असं दुसरं कोणी नाही. उलट टपाली कळवा.

ताईला नमस्कार.
आपल्या उत्तरासाठी थांबलेला,
भाऊ